मोजणीबाहेरचा गाळा

आमच्या गल्लीतला एक गाळा 2017 च्या दिवाळीनंतर बंद पडला, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात तो वाढला. हा विनोद नाही. हिशेब कसा मांडला जायचा ते एकदा बघितलंत की तुम्हीही तेच म्हणाल.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या युनिटांची पुस्तकं लिहितो. 27 वर्षं तेच करतोय. अर्थशास्त्राचा अभ्यासक वगैरे नाही. पण जमाखर्चाचा ताळा जुळला नाही तर ज्यांना रात्री झोप लागत नाही, त्यांच्यातला आहे. त्या गाळ्यात दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि मालक धरून पाच माणसं. काम जॉबवर्कचं: पार्टी लोखंडाचे बार पाठवणार, हे बुश आणि पिना करून देणार, नगावर मजुरी. पगार शनिवारी, रोख. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री चलनातल्या रकमेपैकी 86 टक्के नोटा बाद झाल्या. पुढचे तीन शनिवार मालकाने कुठून कुठून शंभराच्या नोटा जमवून पोरांना वाटल्या. चौथ्या शनिवारी दोघे गावी गेले, त्यातला एकच परत आला. त्यातून सावरतोय तोवर 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. पार्टीने पहिला प्रश्न विचारला, ‘नंबर घेतलाय का?’ बिनानंबरवाल्याकडून काम करून घेतलं तर त्यावरचा कर पार्टीनेच भरायचा, असा सुरुवातीचा नियम होता. तो ऑक्टोबरमध्ये स्थगित झाला खरा, पण तोवर बुश आणि पिनांचं काम रबाळ्याच्या एका सीएनसीवाल्या, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं असलेल्या, कंपनीकडे गेलं होतं. गेलेलं काम परत येत नाही.

आता गंमत बघा. समजा रबाळ्यासारख्या मोठ्या कंपन्यांचं उत्पादन 100 रुपयांचं होतं आणि आमच्यासारख्या सगळ्या गाळ्यांचं मिळून 50. गाळ्यांकडचं 10 रुपयांचं काम मोठ्यांकडे गेलं. मोठे झाले 110, गाळे उरले 40. आधीची बेरीज 150, नंतरचीही 150. वाढ शून्य. पण मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद सरकारकडे दरवर्षी जातात, गाळ्यांचे जात नाहीत. गाळ्यांची मोजणी काही वर्षांतून एकदा व्हायची आणि मधल्या वर्षांत त्यांचं उत्पन्न बऱ्याच अंशी संघटित क्षेत्राच्या निर्देशकांवरून पुढे सरकवलं जायचं. म्हणजे मोठे 10 टक्क्यांनी वाढले, तर गाळेही साधारण तेवढेच वाढले असतील असं धरायचं. 50 चे 55. एकूण 165. देशाची वाढ 10 टक्के. मी हे फार सोपं करून सांगतोय, खरं गणित यापेक्षा गुंतागुंतीचं असतं. पण चूक कुठल्या दिशेला जाते, ते यातून नीट दिसतं.

शितावरून भाताची परीक्षा करतात, त्याला माझी हरकत नाही. सगळा भात खाऊन बघून तो शिजलाय का हे कुणी ठरवत नाही. पण शीत एका भांड्यातलं आणि भात दुसऱ्या भांड्यातला, अशी परीक्षा आपण करत आलो. एरवी हे चालून जातं, कारण दोन्ही भांडी एकाच चुलीवर असतात; मोठ्या कंपन्यांना ऑर्डरी आल्या की त्यातलं थोडं काम गाळ्यांपर्यंत झिरपतंच. धक्का बसतो तेव्हा मात्र एकाखालची आग वाढते आणि दुसऱ्याखालची विझते. नेमकं त्याच वेळी हे मोजमाप आंधळं होतं. माझा मुद्दा एवढाच आहे. जीडीपीचा आकडा खोटा आहे, असं मी म्हणत नाही. आकडे कुणीतरी बसून फुगवतो, असंही नाही. पण देशाला त्या आकड्याची सगळ्यात जास्त गरज ज्या तिमाहीत असते, त्याच तिमाहीत तो सगळ्यात कमी भरवशाचा असतो. आणि मदत कुणाला द्यायची हे त्याच आकड्यांवरून, त्याच याद्यांवरून ठरतं.

2016-17 या नोटाबंदीच्या वर्षाची वाढ अंतिम सुधारित अंदाजात 8 टक्क्यांच्या वर गेली, आधीच्या वर्षापेक्षाही जास्त. ती बातमी वाचली तेव्हा मी चार गाळ्यांचे हिशेब बंद करून कागद मालकांच्या हवाली करत होतो.

ही काही नवी अडचण नाही, आणि आपल्याकडे ती ओळखणारी माणसंही होती. 1867-68 साली हिंदुस्थानात माणशी उत्पन्न वर्षाला 20 रुपये आहे, असा अंदाज दादाभाई नौरोजींनी मांडला तेव्हा त्यांच्याजवळ काय होतं? इलाख्या-इलाख्यांची पिकांची आकडेवारी आणि चिकाटी. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस, सदस्य अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव आणि आपले पुण्याचे धनंजयराव गाडगीळ. कागदावर नसलेली अर्थव्यवस्था मोजायची कशी, हा प्रश्न त्यांच्यासमोरही होता: शेतकरी, विणकर, लोहार, किराणा दुकानदार, हिशेबाची वही नसलेले सगळेच. त्यांनी ती शेजारच्या गिरणीवरून मोजली नाही. 1950 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि तपासनीस घरोघर, दुकानोदुकान जाऊन विचारू लागले. त्या पाहणीचं जगभर कौतुक झालं. त्याच भांड्यातलं शीत काढायची पळी आपल्याकडे 75 वर्षांपासून आहे.

ती खुंटीला कधी टांगली गेली, ते तारखांवरून समजतं. कंपनी म्हणून नोंदणी नसलेल्या बिगरशेती उद्योगांची मोठी पाहणी जुलै 2015 ते जून 2016 या काळात झाली. ती संपली आणि पाचव्या महिन्यात नोटाबंदी झाली. नंतर जीएसटी. नंतर कोविड आणि टाळेबंदी. या उद्योगांच्या पुढच्या पाहणीचे निकाल हाती आले ते थेट 2021-22 या वर्षाचे. म्हणजे गाळेवाल्यांना एकामागून एक तीन तडाखे बसले आणि त्या सबंध काळात त्यांची नाडी बघायला कुणी आलं नाही. 2015-16 मध्ये अशा उद्योगांत 11.13 कोटी माणसं काम करत होती. 2021-22 मध्ये 9.79 कोटी. मधल्या काळात कामाला येणारी पोरं वाढली आणि काम करणारे 1 कोटी 34 लाखांनी कमी झाले. पुढच्या दोन वर्षांत हा आकडा सावरला, 2023-24 मध्ये 12 कोटींच्या वर गेला, हेही सांगायला हवं. पण सावरला म्हणजे आधी पडला होता ना? तो पडत होता तेव्हा दर तिमाहीला छापून येणाऱ्या आकड्यांत ते पडणं कुठे दिसलं?

यावर एक उत्तर नेहमी मिळतं आणि ते अगदीच फेकून देण्यासारखं नाही. रबाळ्याची कंपनी तेच बुश कमी वेळात, कमी लोखंड वाया घालवून करते. गाळा मेला तो अकार्यक्षम होता म्हणून मेला. अर्थव्यवस्था अशीच पुढे जाते. असेलही. सीएनसीवर बुश चांगला होतो, हे मी स्वतः बघितलंय. पण मग तो बदल बदल म्हणून मोजा. मोठे किती वाढले, छोटे किती घटले, ते वेगवेगळं सांगा. छोट्यांची घट मोठ्यांच्या वाढीखाली झाकून, शिवाय छोटेही वाढले असं दाखवून ‘सगळं ठीक आहे’ म्हणायचं, याला कार्यक्षमता म्हणत नाहीत. माझ्या अशीलाने असा ताळेबंद आणला तर मी त्यावर सही होऊ देणार नाही.

दुसऱ्या टोकाचे लोकही मला पटत नाहीत. 2019 मध्ये अरविंद सुब्रमण्यन यांनी, म्हणजे माजी मुख्य आर्थिक सल्लागारांनीच, 2011-12 ते 2016-17 या काळातली वाढ सुमारे अडीच टक्के-अंकांनी फुगलेली आहे, असं म्हटलं आणि मोठी खळबळ उडाली. त्यांनी वीज, वाहनविक्री, निर्यात, कर्जवाटप अशा निर्देशकांवरून तो निष्कर्ष काढला होता. म्हणजे तेही शेवटी दुसऱ्या भांड्यातलंच शीत. अडीच टक्के हे अंदाजपंचे. शंका मात्र रास्त होती. तेव्हापासून आमच्याकडे दोन गट पडलेत. एकाला कुठलाही मोठा आकडा म्हणजे राष्ट्राचा गौरव वाटतो, दुसऱ्याला कुठलाही मोठा आकडा म्हणजे कारस्थान. आकडा कसा तयार झाला, हे विचारणारा चहाच्या टपरीवर एकटा पडतो.

टपरीवरून आठवलं. तीन हात नाक्याजवळ मी ज्याच्याकडे वडापाव खातो, त्याच्या धंद्याचं गणित मांडतो. आकडे सोयीचे घेतलेत. वडापाव 20 रुपयांना. तेल, बेसन, बटाटा, पाव, गॅस मिळून 12. त्याचे राहतात 8. पुढच्या वर्षी तेल आणि गॅस स्वस्त झाले, सामान 10 रुपयांत येऊ लागलं. वडापाव 20 लाच. आता राहतात 10. विकले तेवढेच वडे, तळले तेवढेच वडे. पण विक्रीच्या किमतीत बदल नाही, म्हणून महागाईची वजावटही नाही, असं धरून मूल्यवर्धन, म्हणजे विक्रीतून सामान वजा जाता उरलेली रक्कम, काढलं तर वाढ 25 टक्के! कढईतून एकही वडा जास्त निघालेला नाही. ही चूक टाळायची तर विकलेल्या मालाच्या आणि घेतलेल्या सामानाच्या किमतींची वजावट वेगवेगळी करावी लागते. 2011-12 हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या आपल्या जीडीपीच्या मालिकेत कारखानदारीसाठी ती तशी होत नव्हती. 2014 च्या मध्याला 110 डॉलरच्या आसपास असलेलं कच्चं तेल जानेवारी 2016 मध्ये 30 डॉलरच्या खाली गेलं. आपल्या घाऊक किंमत निर्देशांकाच्या वाढीचा दर वर्षभरापेक्षा जास्त काळ शून्याखाली होता. त्या काळातल्या कारखानदारीच्या वाढीत किती वडे आणि किती स्वस्त तेल, हे वेगळं काढणं अवघड आहे. वडेवाल्याच्या खिशात दोन रुपये जास्त आले, हे खरंच. पण तेल परत महागलं की तीच वाढ उलटी फिरते, आणि तेव्हा धंदा चांगला चालू असूनही कागदावर मंदी दिसते.

जुलै ते सप्टेंबर 2025 या तिमाहीत वाढ 8.2 टक्के झाली, असं नोव्हेंबरअखेर जाहीर झालं, तेव्हा मला हेच आठवलं. महागाई वजा न करता, चालू किमतींनी, ती 8.7 टक्के होती. दोन्हीतलं अंतर अर्धा टक्का. महागाई खरोखरच कमी होती. ऑक्टोबरमध्ये किरकोळ महागाई पाव टक्क्यावर आली होती. त्यामुळे आकडा चुकीचा असं मी म्हणणार नाही. पण घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटचा हप्ता, गाळ्याचं भाडं, कामगाराची मजुरी, सरकारचा कर हे सगळं चालू रुपयांत भरायचं असतं. ‘वास्तव’ रुपये ही हिशेबातली सोय आहे, त्या नोटा कुठल्याही बँकेत मिळत नाहीत. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, 6.50 टक्क्यांवरून 5.25 वर आणला. ज्याचं कर्ज बँकेचं आहे, त्याचा हप्ता उतरला किंवा मुदत कमी झाली. ज्याने बाजारातल्या व्यापाऱ्याकडून महिन्याला दोन टक्क्यांनी पैसे उचललेत, त्याचा दर रेपोला विचारत नाही. धोरण बदललं, पण पोहोचलं कुठवर? जिथवर नोंद पोहोचते, तिथवर.

2020 च्या एप्रिल-जूनमध्ये अर्थव्यवस्था सुमारे 24 टक्क्यांनी आकसली आणि पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत 20 टक्क्यांनी वाढली, असं पहिल्या अंदाजांत जाहीर झालं. ‘जवळजवळ भरून निघालं’ असं तेव्हा बरेच जण म्हणाले. 100 चे 76 झाले. 76 वर 20 टक्के म्हणजे 91. नऊ रुपये अजून खड्ड्यात. शाळेतल्या शेकडेवारीचा हा धडा टीव्हीवरच्या भल्याभल्यांच्या डोक्यावरून गेला. पण त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. मे 2020 मध्ये सरकारने छोट्या उद्योगांसाठी 3 लाख कोटींची हमी असलेली कर्जयोजना आणली. चांगली योजना होती. माझ्या तीन अशिलांना तिने तारलं, मीच कागद भरले. अट अशी: 29 फेब्रुवारी 2020 रोजी तुमच्या नावावर जेवढं कर्ज बाकी, त्याच्या 20 टक्के नवं कर्ज मिळेल. ज्याच्या नावावर बँकेचं कर्जच नाही, त्याचे शून्याचे 20 टक्के. फेरीवाल्यांना 10 हजारांचं कर्ज मिळायचं, ते पालिकेच्या सर्वेक्षणात नाव असेल तर, किंवा पालिकेचं शिफारसपत्र आणलं तर. टाळेबंदीत ज्याची हातगाडी सहा महिने ताडपत्रीखाली होती, त्याच्याकडे आधी ‘तू होतास का?’ असा पुरावा मागितला गेला. मोजणीत नसलेल्याचं नुकसान दिसलं नाही, आणि भरपाईच्या वेळीही तो दिसला नाही. माझ्या दृष्टीने जीडीपीच्या वादाचं खरं मर्म इथे आहे. वाढ 8 का 6, हा प्रश्न तज्ज्ञांनी भांडून सोडवावा.

उलट बाजूचं उदाहरण खाडीपलीकडे आहे. वाशीच्या एपीएमसी बाजारात पाठीवर गोण्या वाहणारा माथाडी. त्याचंही काम नगावर, त्याचाही मालक रोज वेगळा, त्याच्याकडेही नेमणुकीचा कागद नाही. तरी तो मोजलेला आहे. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी लढले, 1969 चा कायदा झाला, टोळ्यांची नोंदणी झाली. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही माथाडी मंडळात भरायची, मंडळाने माथाड्याला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस द्यायचा. त्या मंडळांच्या कारभाराबद्दल तक्रारी आहेत, बोगस माथाडीही आहेत, ते मी नाकारत नाही. पण ‘असंघटित क्षेत्र मोजताच येत नाही’ असं कुणी म्हटलं की मी त्याला पहाटे चार वाजता वाशीच्या एपीएमसी बाजारात घेऊन जायला तयार आहे. तिथे कांद्याच्या गोणीची आवकही रोज मोजली जाते आणि ती वाहणाऱ्या पाठीचाही हिशेब लागतो. हे आपोआप झालं नाही, भांडून झालं. त्याच बाजाराच्या गेटबाहेर टेम्पो धुणारा, उरलेली कोथिंबीर निवडून विकणारी बाई, हे त्या कायद्याबाहेर राहिले आणि मोजणीबाहेरही.

आता जिल्ह्याचं बघू. राज्य सरकार जिल्ह्यांच्या उत्पन्नाचे अंदाज दरवर्षी काढतं आणि ठाणे त्यात वरच्या ओळीत असतं. वाचून छाती फुगते. पण हे उत्पन्न जिथे निर्माण होतं, त्या जिल्ह्याच्या नावावर पडतं. सकाळी डोंबिवली-ठाण्याहून लोकलला लटकून मुंबईत जाणाऱ्याने दिवसभर जे कमावलं, ते मुंबईच्या खात्यात. रात्री झोपायला तो आमच्याकडे. माणशी उत्पन्न काढताना त्याची कमाई मुंबईच्या अंशात जाते आणि त्याचं डोकं ठाण्याच्या छेदात. 1853 मध्ये बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, तेव्हापासून हा घोळ चालू आहे असं म्हणायला हरकत नाही. तो छेद तरी कुठे पक्का आहे? शेवटची जनगणना 2011 ची. तेव्हा ठाणे जिल्ह्यात 1 कोटी 10 लाख 60 हजार माणसं होती, देशातला सगळ्यात मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा. ऑगस्ट 2014 मध्ये पालघर वेगळा झाला. 2021 ची जनगणना झालीच नाही, आता ती 2027 ची. घोडबंदरचे टॉवर, दिव्याच्या चाळी, घणसोलीचे मजल्यावर मजले हे सगळं गेली कित्येक वर्षं अंदाजाच्या छेदात आहे. त्यात जिल्ह्याचे कित्येक आकडे राज्याच्या बेरजेची कामगारसंख्या वगैरेंच्या प्रमाणात वाटणी करून येतात. म्हणजे वागळे इस्टेट बुडाली तरी राज्य तरलं, तर ठाण्याच्या वाट्याला तरणंच येणार.

पत्त्याचा घोळ तर मोठमोठ्या देशांना भोवलाय. 2015 मध्ये आयर्लंडची अर्थव्यवस्था एका वर्षात 26 टक्क्यांनी वाढली. तिथे काही अचानक कारखाने उगवले नव्हते. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले पेटंट आणि तत्सम मालमत्ता कागदोपत्री तिकडे हलवली होती. जगाने खिल्ली उडवली. पण त्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने लाज न बाळगता एक वेगळं सुधारित मोजमाप तयार केलं आणि ‘आमचं खरं चित्र यात बघा’ असं सांगितलं. आपल्याकडे 2016-17 मध्ये सेवा क्षेत्राच्या पाहणीसाठी कंपन्यांच्या सरकारी यादीतल्या पत्त्यांवर तपासनीस गेले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त कंपन्या सापडल्या नाहीत, बंद होत्या किंवा चुकीच्या वर्गात नोंदलेल्या होत्या. हीच यादी राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाला वापरली जात होती. ते बाहेर आल्यावर आपण काय केलं? वाद घातला.

आणि लपवलंही. 2017-18 ची ग्राहक खर्चाची पाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही. त्याच वर्षाचा रोजगाराचा अहवाल, ज्यात बेरोजगारी 6.1 टक्के होती, अडवून धरला गेला. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी जानेवारी 2019 मध्ये राजीनामे दिले आणि अहवाल बाहेर आला तो मेच्या शेवटी, निवडणूक उरकल्यावर. गाडगीळांच्या पिढीने उभारलेल्या विश्वासाची किंमत कुठल्याच ताळेबंदात दाखवत नाहीत, म्हणून ती अशी खर्चून टाकता येते. नाणेनिधीने 2025 मध्ये आपल्या राष्ट्रीय लेख्यांना ‘क’ दर्जा दिला, तेव्हा संताप झाला. पुस्तकं लिहिणाऱ्याला लेखापरीक्षकाचा राग येतो, हे मला अनुभवाने माहीत आहे. पण राग ओसरल्यावर शेरा वाचावा लागतो.

अलीकडे काही चांगलं घडलंय. नव्या मालिकेचं पायाभूत वर्ष 2022-23 केलं. त्यात सामानाच्या आणि मालाच्या किमतींची वेगवेगळी वजावट आणि गाळ्यांच्या वार्षिक पाहणीचा थेट वापर करायचं ठरलं. ती पाहणी आता दरवर्षी होते, 2025 पासून तिची तिमाही पत्रिकाही निघते. रोजगाराचे आकडे महिन्याला येऊ लागले. नमुना निवडताना जिल्हा हा घटक धरला जाऊ लागला. हे सगळं झालं ते टीकेमुळे झालं, असं मला वाटतं, पण श्रेयावरून भांडायची इच्छा नाही.

मला हवं आहे ते यापुढचं. ठाणे जिल्ह्याच्या गाळ्यांचा, टपऱ्यांचा, भिवंडीच्या मागांचा वेगळा तिमाही आकडा. त्यात चूक दोन-चार टक्के राहिली तरी चालेल, पण शीत त्याच भांड्यातलं हवं. महावितरणकडे लघुदाबाच्या औद्योगिक जोडण्यांचा महिन्याचा वापर भागवार असतो. वागळे आणि रबाळ्याचा तेवढा एक आकडा महिनाअखेरीस छापला तरी कुठली गल्ली थंड पडतेय ते आठवड्यात कळेल. पाहणीचा निकाल कसाही येवो, तो प्रसिद्ध करायची तारीख आधी जाहीर करा आणि ती कुणालाही बदलता येऊ नये. आणि मदतीची अट लिहिताना फक्त बँकेचं आणि पालिकेचं रजिस्टर उघडू नका. वीजबिल, भाडेपावती, शेजारच्या दोन गाळ्यांची साक्ष, काहीतरी असं धरा. गैरवापर होईल? होईल. मोठ्या कर्जांत होत नाही का? या सगळ्याला पैसे लागतील, मुख्यतः तपासनिसांच्या पगाराला. उड्डाणपुलाच्या एका खांबाइतके, फार तर.

हे सगळं सरकारला सांगताना आमच्या बाजूचंही सांगायला हवं. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत पाहणीचा तपासनीस आला होता. हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र, कंत्राटावर असलेला तरुण. मी ज्या गाळ्यात बसलो होतो, त्याच्या मालकाने त्याला बघून आधी शटर अर्धं खाली ओढलं. मी समजावलं: हा टॅक्सवाला नाही, सांख्यिकीच्या कायद्याने ही माहिती करासाठी वापरता येत नाही, सांग जे आहे ते. मालक तयार झाला. मशीन किती, वीजबिल किती, महिन्याची मजुरी किती, सगळं सांगितलं. थोडं कमी करून सांगितलं असेल, माझ्याकडे न बघता सांगत होता. मग प्रश्न आला, ‘घरचं कुणी पगाराशिवाय इथे काम करतं?’

‘नाही,’ मालक म्हणाला.

त्याच्या मागे पत्र्याच्या टेबलाशी त्याची बायको बसली होती. तयार पिनांच्या कडांची बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कोर, कानस मारून काढत होती. गेली सहा वर्षं दुपारी डबा घेऊन येते आणि सातपर्यंत हेच करते. तपासनिसाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग मालकाकडे. मग स्क्रीनकडे.

‘वहिनींना धरा की,’ मी म्हणालो.

‘अहो, ती नुसती बसलीये,’ मालक म्हणाला. तिची कानस थांबली नव्हती.